गाडीचं वय नव्हे, टायमिंग तपासा

२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत एका प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंदणी झाली. काळी-पिवळी म्हणून नोंदली गेलेली ती शेवटची पद्मिनी. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही गाडी शहराच्या रस्त्यांवरून अधिकृतपणे उतरली. त्या दिवसांत आठवणींना उधाण आलं. बाहेर बसवलेला मीटर, छतावरचं कॅरिअर, हिंदी सिनेमांतली दृश्यं यांवर भरभरून लिहिलं गेलं. मात्र तुंबलेल्या पाण्यातून आणि खाऱ्या हवेतून या गाड्या वर्षानुवर्षं चालत्या ठेवणारे हात कोणते होते आणि ते हात आज कुठे आहेत, हा प्रश्न बाजूला राहिला.

हा प्रश्न केवळ आठवणींचा नाही. महाराष्ट्रात आजही कुणाच्या दारात आजोबांची फियाट उभी आहे, कुणाकडे अँबॅसॅडर, तर कुणाकडे कार्बोरेटरवाली मारुती ८००. अशा गाड्यांबद्दलची चर्चा दोनच टोकांवर चालते: भंगारात घाला, नाहीतर शोभेला ठेवा. पण जुनी गाडी किती धूर सोडते, किती पेट्रोल पिते आणि घाटात दगा देते की नाही, हे तिच्या वयाइतकंच ती कुणाच्या हाताखाली आहे यावरही ठरतं. असे हात घडवणं आपण जवळपास थांबवलं आहे. जे उरलेत, त्यांच्या वेळेचे पैसे द्यायला आपण कुरकुरतो. हे बदललं पाहिजे.

पद्मिनीचं कूळ इटालियन. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि १९६४ पासून तिथून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. १९७३ मध्ये तीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, बिडाचा ब्लॉक, त्यावर अॅल्युमिनियमचं हेड, हवा आणि पेट्रोल एकत्र करायला कार्बोरेटर, प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटायला डिस्ट्रिब्युटर. संगणकाचा मागमूस नाही. बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं आणि बहुतेक सगळं पान्याने जुळवता येतं. मात्र जे जुळवता येतं ते जुळवत राहावंही लागतं, आणि कुणी चुकीचं जुळवलं तर त्याला अडवणारी यंत्रणा गाडीत नसते.

अशा गाडीचं काम सुरू होतं ते बोल्टपासून. बिघडतंही बऱ्याचदा तिथेच.

लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधली फट जेमतेम केसाएवढी. तिथे गंज फुगतो आणि दोघांना एकमेकांत आवळून टाकतो. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात खारी हवा हे काम झपाट्याने करते. पोलादी स्टड अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये बसवलेला असेल तर आणखी एक भानगड होते. दोन वेगळे धातू आणि त्यांच्यामध्ये खारट ओल, एवढ्यावर विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. अॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. सायलेन्सरच्या बाजूचे नट तर रोज प्रचंड तापणाऱ्या लोखंडाला चिकटून असतात. ते सगळ्यांत हट्टी.

जाणता मेकॅनिक अशा नटासमोर बसला की त्याचं काम पाहण्यासारखं असतं. तो आधी पान्याला हातच लावत नाही. तारेच्या ब्रशने नटाबाहेर आलेले आटे घासून स्वच्छ करतो, कारण नट ज्या वाटेने बाहेर यायचा ती वाटच गंजलेली असेल तर तो अर्ध्यात अडकतो. मग गंज सोडवणारं तेल सोडतो आणि थांबतो. दुपारी पुन्हा तेल, जमलं तर रात्रभर मुरू देणं. मधूनमधून नटाच्या बाजूंवर हातोडीचे हलके ठोके, म्हणजे गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेल आत झिरपतं. त्यानंतर पाना. नटाच्या सहाही बाजू धरणारी गोटी किंवा रिंग पाना. फिक्स पाना दोनच बाजू धरतो आणि पहिल्या जोरालाच नटाचे कोपरे गोल करून टाकतो. पहिला झटका तो किंचित आवळायच्या दिशेला देतो. गंजाची पकड सुटली की ‘कट्’ असा बारीक आवाज येतो. मग पाव फेरा उलटा, थोडा सुलटा, पुन्हा तेल, पुन्हा पाव फेरा.

एवढं करूनही नट हलला नाही तर आच. ती नटाला द्यायची, बोल्टला नाही. नट प्रसरण पावतो आणि त्याची मिठी सैल होते. गरम आट्यांवर मेणबत्ती टेकवली की वितळलेलं मेण आत ओढलं जातं, ही युक्ती जुन्या कारागिरांना पाठ असते. पेट्रोलच्या नळीपासून आच दूर ठेवणं, जवळ ओलं फडकं आणि आग विझवायचं साधन ठेवणं, हेही त्याच शिकवणीचा भाग.

यातल्या जवळपास प्रत्येक पायरीला वेळ लागतो, आणि गिऱ्हाइकाला तेच पटत नाही. ‘एक नट काढायला दिवस?’ हा प्रश्न गॅरेजवाल्याने कितीदा ऐकला असेल! मग तो पान्याला लांब पाइप अडकवतो, जोर लावतो आणि बोल्ट मुळातून तुटतो. आता तुटक्या खुंटाच्या मधोमध ड्रिल मारा, एक्स्ट्रॅक्टरने तो ओढून काढा, आटे नव्याने पाडा, आणि ड्रिल जरा जरी तिरकं गेलं तरी अख्खं हेड उतरवा. वाचवलेल्या चार तासांचे दोन दिवस होतात. बाजारातल्या फवाऱ्यांनीही ही घाई वाढवली आहे. डब्ल्यूडी-४० हे प्रसिद्ध मिश्रण १९५३ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगोत तयार झालं ते धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी, आणि सुरुवातीला ते वापरलं गेलं अॅटलस क्षेपणास्त्राच्या कवचावर. ते उपयोगाचं आहेच, पण पंधरा पावसाळे खाल्लेला नट एका फवाऱ्यात सुटेल ही अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

गाडीची जातही माहीत असावी लागते. फियाटचे बोल्ट मिलिमीटरच्या मापाचे. अँबॅसॅडर मूळ ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड, त्यामुळे तिच्या जुन्या इंजिनावरचे बोल्ट इंचाच्या मापाचे. अर्ध्या इंचाचं डोकं असलेला बोल्ट म्हणजे १२.७ मिलिमीटर. आजच्या पेटीतला १३ चा पाना त्यावर बसतो, पण ०.३ मिलिमीटर सैल बसतो. हट्टी बोल्टचे कोपरे जायला तेवढं पुरेसं असतं. तरुण मेकॅनिकला हे कुणी सांगितलेलंच नसतं, मग खापर फुटतं ‘जुन्या लोखंडा’वर.

बोल्टचं हे पुराण टायमिंगच्या आधी सांगायचं कारण साधं आहे. इंजिनाचं टायमिंग बदलायचं म्हणजे डिस्ट्रिब्युटर जागच्या जागी थोडा फिरवायचा, आणि तो ज्या क्लँपने आवळलेला असतो त्याचा बोल्ट बहुधा वर्षानुवर्षं कुणी सोडलेला नसतो. खुद्द डिस्ट्रिब्युटरची दांडीही ब्लॉकमध्ये गंजून बसलेली असते. मग घाईतला माणूस टायमिंगच्या वाटेला जात नाही. कार्बोरेटरचा स्क्रू पिळतो, आयडलिंग वाढवतो, ‘झालं’ म्हणतो. गाडी सुरू राहते, पेट्रोल जास्त पिते आणि चढाला दम टाकते.

टायमिंग म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची याचा हिशेब. सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगी पडताक्षणी पूर्ण पेटत नाही, त्याला जळायला सेकंदाचे काही हजारांश भाग लागतात. जळून वाढलेला दाब पिस्टन वरून खाली निघताना मिळायला हवा असेल, तर ठिणगी पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या थोडी आधी पडली पाहिजे. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेतं तेव्हा क्रँकशाफ्ट सेकंदाला पन्नासदा फिरतो, म्हणजे एक अंश फिरायला त्याला सेकंदाचा अठरा हजारावा भाग लागतो. या हिशेबात पाच-सात अंशांची चूक झाली की इंजिनाचा स्वभाव पालटतो. ठिणगी उशिरा पडली तर ताकद कमी, इंजिन गरम, उष्णता सायलेन्सरमधून वाया. फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनवर उलटा दाब, चढावर गिअरमध्ये जोर दिला की टकटक, आणि हे बरेच दिवस चाललं तर पिस्टनलाच इजा.

हे सगळं जुन्या गाडीत एका छोट्या यांत्रिक स्विचवर अवलंबून असतं. डिस्ट्रिब्युटरच्या आत कॉन्टॅक्ट पॉइंटची जोडी असते. फिरता कॅम तिला उघडतो, उघडताक्षणी कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि हजारो व्होल्टची ठिणगी प्लगकडे जाते. अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगने १९१० च्या सुमारास कॅडिलॅकसाठी रूढ केलेली ही पद्धत अनेक दशकं जगभर चालली. पॉइंट पूर्ण उघडल्यावरची फट असते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजते, फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग मागे पडतं. कुणी काही बिघडवलेलं नसताना, केवळ चालून चालून, गाडी थोडी थोडी मंदावते. रोज चालवणाऱ्याला ते जाणवतही नाही.

म्हणूनच कामाला क्रम असतो. आधी व्हॉल्व्हच्या टॅपेटची फट, मग पॉइंटची फट, मग टायमिंग आणि शेवटी कार्बोरेटर. फट बदलली की टायमिंग आपोआप बदलतं, त्यामुळे टायमिंग लावून नंतर पॉइंट घासायला घेणारा माणूस स्वतःचंच काम पुसत असतो. वर्षानुवर्षं नीट काम करणारे कारागीर पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवतात आणि इंजिन हाताने फिरवतात. आतली हवा अंगठा उचलू लागली म्हणजे पिस्टन दाबाच्या फेरीत वर येतोय. पुलीवरची खूण जुळवतात. मग १२ व्होल्टच्या साध्या बल्बची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. चावी चालू करायची, क्लँप सैल करायचा आणि डिस्ट्रिब्युटर केसाकेसाने फिरवायचा. ज्या क्षणी बल्ब लागतो त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथेच क्लँप आवळायचा. चार सिलिंडरच्या फियाटमध्ये ठिणगीचा क्रम १-३-४-२, तो प्लगच्या वायरींवर पुन्हा एकदा बोटाने मोजून घ्यायचा. शेवटची परीक्षा रस्त्यावर: टॉप गिअरमध्ये, कमी वेगात, चढावर पाय दाबला की क्षणभर अगदी हलकी टकटक येऊन विरून जावी.

ही परीक्षा कानाने द्यायची असते, आणि त्या कानाची किंमत मुंबईने एकदा पाहिलेली आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर शहरातल्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या, तेव्हा मुळात पेट्रोलसाठी आखलेल्या इंजिनांना वेगळंच इंधन पाजावं लागलं. सीएनजी पेट्रोलपेक्षा हळू जळतो आणि टकटकीला सहज बधत नाही, त्यामुळे त्याला ठिणगी जास्त आधी लागते. पण त्याच टॅक्सीला गॅस संपल्यावर पेट्रोलवरही चालायचं असे. दोन्ही इंधनांना सोसेल असा मधला बिंदू फियाटच्या पुस्तकात छापलेला नव्हता. तो काळी-पिवळीच्या मेकॅनिकांनी गाडीगणिक, कानाने शोधला. लाखो मुंबईकरांच्या रोजच्या प्रवासामागे हे शहाणपण होतं, आणि त्याची नोंद कुठल्या अभ्यासक्रमात झाली नाही.

तोच प्रश्न आता इथेनॉलने पुन्हा आणला आहे. पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्याची ऑक्टेन पातळी जुन्या पेट्रोलपेक्षा जास्त, पण लिटरमागे ऊर्जा कमी. ठरावीक जेट असलेल्या कार्बोरेटरमध्ये त्याचं मिश्रण पातळ पडतं, आणि जुने रबरी पाइप, वॉशर यांना इथेनॉल मानवत नाही. नव्या गाडीचा संगणक हे स्वतः सावरून घेतो. जुन्या गाडीसाठी ते माणसाला करावं लागतं, आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातला आकडा बघून भागत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे मान्य केली पाहिजे. कितीही उत्तम लावलेली पद्मिनी आजच्या बीएस-६ गाडीइतकी स्वच्छ होणार नाही. तिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, एअरबॅग नाही. हजारोंच्या संख्येने अशा गाड्या रोजच्या वाहतुकीत असाव्यात, असं कुणी म्हणू नये. टॅक्सीला वयोमर्यादा असणंही समजण्यासारखं आहे, कारण ती दिवसभर धावते. मुद्दा आहे तो खासगी गाड्यांचा, ज्या महिन्यातून मोजके दिवस बाहेर पडतात आणि ज्यांना त्यांचे मालक सोडणार नाहीत. त्या रस्त्यावर असणारच असतील, तर नीट जुळवलेल्या असाव्यात.

नियमांचा पाया यासाठी अनुकूल आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. २०२१ मध्ये जाहीर झालेलं भंगार धोरणही खासगी गाडीच्या बाबतीत वीस वर्षांनंतरच्या तंदुरुस्तीच्या चाचणीवर उभं आहे. दिल्लीत मात्र दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निव्वळ वयाच्या आकड्याने घाला घालण्यात आला, आणि त्यावरचा वाद २०२५ मध्येही सर्वोच्च न्यायालयात चालू होता. महाराष्ट्राने त्या वाटेला जाऊ नये. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून २०२१ च्या नियमांनी वेगळी नोंदणी दिली, पण पंधरा ते पन्नास या मधल्या टप्प्यातल्या गाड्यांसाठी फक्त शुल्क वाढलं. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० वर गेलं. पैसे घेतले जातात, पण गाडी सुधारायला मदत करणारं काही उभं राहत नाही.

पीयूसीचंच बघा. २००० पूर्वीच्या पेट्रोल मोटारीसाठी मर्यादा आहे कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएम. हे दोन आकडे गाडीची नाडी सांगतात. कार्बन मोनॉक्साइड वाढला तर मिश्रणात पेट्रोल जास्त. हायड्रोकार्बन चढला तर कुठल्यातरी सिलिंडरमध्ये ठिणगी चुकतेय आणि न जळलेलं पेट्रोल बाहेर पडतंय. पण मालक प्रमाणपत्रावर मुदतीची तारीख बघतो आणि कागद डॅशबोर्डात टाकतो. केंद्रावर मराठीत एक ओळ छापून मिळाली, कुठला आकडा का वाढला असावा आणि मेकॅनिकला काय तपासायला सांगावं, तर तोच कागद उपयोगाचा होईल. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. आयटीआयच्या मेकॅनिक मोटर व्हेईकल या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून दरवर्षी मुलं बाहेर पडतात. त्यांनी स्कॅनर जोडून दोषाचा कोड वाचायला शिकलंच पाहिजे, पोट त्यावरच भरणार आहे. पण गंजलेला बोल्ट न तोडता काढणं हे बीएस-६ गाडीलाही लागतं, इलेक्ट्रिक गाडीच्या सस्पेन्शनलाही लागतं. ठिणगीच्या वेळेचा हिशेब हाताने एकदा लावलेल्या मुलाला स्कॅनरवरचा इग्निशन अॅडव्हान्सचा आकडा नुसता आकडा वाटत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतावरचं डिझेल इंजिन, गावातला जनरेटर यांच्या इंधन-पंपाचं टायमिंगही माणूसच लावतो. प्रत्येक आयटीआयमध्ये डिस्ट्रिब्युटरवालं एक चालू इंजिन आणि मुद्दाम गंजवलेल्या बोल्टची एक पट्टी ठेवायला फारसा खर्च येणार नाही. शिकवायला निवृत्तीकडे झुकलेले टॅक्सीचे मेकॅनिक बोलवावेत, तासिकेचं मानधन देऊन. पूर्वानुभवावर कौशल्य प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आहेच. या माणसांना ते आधी मिळावं, म्हणजे ‘शिक्षण किती?’ या प्रश्नावर त्यांना दाराबाहेर थांबावं लागणार नाही.

तिसरी गोष्ट गाडीमालकांची, आणि तिच्यासाठी कुठल्याही परिपत्रकाची वाट बघायला नको. गॅरेजमध्ये गाडी सोडताना काम तासांच्या हिशेबाने ठरवावं. तेल मुरायला लागणारा वेळ, रात्रभर थांबणं, टायमिंग लावून रस्त्यावर घेतलेली फेरी, हे सगळं मजुरीत धरलं जावं. पॉइंटची फट मोजली का, कुठला पाना लावला, बसवताना आट्यांना कॉपर ग्रीस लावलं का, हे विचारावं आणि उत्तर ऐकायला थांबावं. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईच्या सीएसटी रोडवर जुना सुटा भाग शोधायला माणसं आनंदाने अर्धा दिवस घालवतात आणि त्यासाठी मागेल ती किंमत मोजतात. तो भाग बसवणाऱ्याशी मात्र शंभर रुपयांसाठी घासाघीस करतात. पुढच्या सर्व्हिसिंगच्या बिलात सुट्या भागांच्या खाली मजुरीचे तास वेगळे लिहून मागायला हरकत नाही, आणि ते लिहिले असतील तर पूर्ण द्यायलाही.